जनुकांच्या जादा प्रती आणि यीस्ट: नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

एखाद्या जनुकाच्या प्रती वाढल्या तर यीस्टच्या पेशीचे किती नुकसान होते, हे मोजण्याचे काम मी एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी घेतले, तेव्हा वाढीचा वेग मोजला की पुरे, अशी माझी समजूत होती. ती चुकीची होती.

मी वापरलेली ‘जनुकीय रस्सीखेच’ ही पद्धत हिसाओ मोरिया आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडली. तीत प्लाझ्मिडवर, म्हणजे पेशीत गुणसूत्रांपासून वेगळ्या राहणाऱ्या डीएनएच्या छोट्या कड्यावर, ल्यूसिन हे अमिनो आम्ल तयार करण्यासाठी लागणारे एक जनुक मुद्दाम दुबळे करून ठेवलेले असते, त्यामुळे ल्यूसिनविरहित माध्यमात तग धरायचा तर पेशीला त्या प्लाझ्मिडच्या १०० हून अधिक प्रती बाळगाव्या लागतात. त्याच प्लाझ्मिडवर बसवलेले आपले जनुक जादा झाल्यावर घातक ठरत असेल, तर ते ही संख्या खाली ओढते. ही ओढाताण ज्या आकड्यावर थांबते, त्यावरून पेशीची सहनशक्ती कळते. याच पद्धतीने यीस्टची जवळजवळ सगळी, म्हणजे सुमारे ६,०००, जनुके तपासली गेली, तेव्हा ८० टक्क्यांहून अधिक जनुकांच्या १०० प्रतीही पेशीने सोसल्या. पेशीविभाजनाच्या अखेरीस लागणाऱ्या सीडीसी१४ सारख्या थोड्या जनुकांची मर्यादा मात्र फार लवकर येते.

माझ्या दोन जनुकांचे वाढीचे आलेख जवळजवळ एकमेकांवर बसले आणि दोन्ही सारखीच घातक आहेत, असे मी वहीत लिहूनही टाकले. पुढे रिअल-टाइम पीसीआर या डीएनएचे प्रमाण मोजण्याच्या तंत्राने प्रती मोजल्या, तेव्हा एकाच्या दहाच्या आत निघाल्या, तर दुसऱ्याच्या साठच्या आसपास. पहिल्या पेशी प्रती वाढू न दिल्यामुळे ल्यूसिनविना उपाशी होत्या; दुसऱ्या प्रती बाळगून त्यांचा भार सोसत होत्या. म्हणून वेग आणि प्रती एकाच नमुन्यातून, एकाच दिवशी मोजाव्यात.

वाढ मोजण्यासाठी वापरायच्या खाचांच्या प्लेटमध्ये कडेच्या खाचांतील द्रव लवकर आटतो, तेव्हा तिथे नुसते पाणी भरावे. बारीक वसाहतींमध्ये एखादीच टपोरी दिसली, तर ती हौसेने उचलू नये; तिच्या प्लाझ्मिडमधील जनुक बहुधा उत्परिवर्तनाने निकामी झालेले असते. जनुकाच्या सुरुवातीलाच वाचनचौकट मोडलेली, म्हणजे डीएनए जवळजवळ तेच पण प्रथिन तयार होत नाही अशी, एक आवृत्ती सोबत चालवावी: तिच्या प्रती १०० च्या पुढे गेल्या, तरच त्रास प्रथिनाचा आहे असे म्हणता येते.