जुन्या मफलरवर भरतकाम आणि गोंडे: या चुका टाळा

उशीच्या अभ्र्यांवर, टेबलक्लॉथवर हात बसलेला असला की मफलर घेतल्याबरोबर आपण तो सवयीनं भरतकामाच्या गोल रिंगमध्ये ताणून बसवतो. मीही तेच केलं होतं. आत्यानं बाबांसाठी विणलेला सायीच्या रंगाचा मफलर होता, त्यावर साखळी टाक्याची वेल काढली. रिंगमध्ये वेल छान दिसत होती. रिंग काढली, मफलर आपल्या मूळ मापावर आला आणि वेल मात्र ताणलेल्या मापाचीच राहिली. सगळीकडे चुण्या पडल्या, मधला भाग पापडासारखा फुगून वर आला.

विणकाम म्हणजे एकात एक अडकलेल्या फासांची रांग. ते ओढलं की पसरतं, लांबीपेक्षा रुंदीत जास्त. त्यामुळे रिंग वापरूच नका. मफलर टेबलावर सैल पसरवा, खाली पातळ मलमलीचा तुकडा धावदोऱ्यानं टाचा आणि हातात धरूनच भरा. प्रत्येक चार-पाच टाक्यांनंतर कापड आडवं हलकेच ओढून बघा. दोरा कुरकुरला, तर टाका घट्ट आहे. भरून झाल्यावर मलमल नक्षीच्या कडेनं कापून टाकायची.

चुण्या पडल्याच असतील तर उसवावं लागेल, आणि खरी जोखीम तिथेच आहे. कात्री सरळ खाली घातली तर लोकरीचा फासही कापला जातो आणि तिथून शिडीसारखा उसवत जातो. आधी बोथट सुई भरतकामाच्या दोऱ्याखाली घाला, दोरा वर उचला, मगच कापा. हे काम दिवसा, खिडकीशी बसून करा. फास सुटलाच तर घाबरू नका. तो लगेच सेफ्टी पिनेत अडकवा, मग क्रोशाच्या सुईनं एकेक आडवा धागा त्यातून ओढत वरपर्यंत आणा आणि टोक मागून शिवून टाका.

सुईचंही तेच. टोकदार सुई लोकरीचा धागा मधोमध चिरते, मग टाका वाकडा बसतो आणि धागाही कमजोर होतो. मोठ्या नेढ्याची, बोथट टोकाची सुई घ्या. दोरा मफलरच्या लोकरीइतकाच जाड असावा. सहा पदरी भरतकामाच्या दोऱ्याचे दोनच पदर घेतले, तर ते फासांमध्ये बुडून जातात आणि नक्षी दिसतच नाही.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो टाक्यावर टाका. सुलट बाजूचं विणकाम नीट पाहिलं तर इंग्रजी व्ही अक्षरांच्या रांगा दिसतात. दुसऱ्या रंगाची लोकर घेऊन त्याच व्हीवरून सुई फिरवायची. नक्षी विणतानाच घातल्यासारखी दिसते, आणि कापडासोबत ताणलीही जाते. यात एक चूक हमखास होते. क्रॉस स्टिचचा तयार आलेख आपण जसाच्या तसा उतरवतो. आलेखाचे चौकोन चौरस असतात, विणलेला टाका मात्र उंचीपेक्षा रुंद असतो. समजा १० सेंटिमीटरमध्ये आडवे २० टाके आणि उभ्या २८ ओळी बसतात. मग १४ बाय १४ घरांचं फूल ७ सेंटिमीटर रुंद आणि ५ सेंटिमीटर उंच होतं, म्हणजे चेपलेलं. आधी पट्टी लावून टाके आणि ओळी मोजा. या मापाला १४ टाक्यांच्या फुलासाठी सुमारे २० ओळी लागतील. आलेख तसा उभा वाढवून घ्या.

आता रंग. त्याच मफलरवर दुसऱ्या वेळी मी लाल दोऱ्यानं गाठी टाके घातले, आणि पहिल्याच धुण्यात प्रत्येक फुलाभोवती गुलाबी वलय उमटलं. आत्याचं काम होतं ते, फार वाईट वाटलं. दोऱ्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या कापडावर दाबायला दोन मिनिटं लागतात, तेवढी काढाच. रंग सुटलेला दिसला तर मफलर वाळू देऊ नका; गार पाणी बदलत बदलत खळबळा. ब्लीचच्या वाटेला मुळीच जाऊ नका, त्यानं लोकर पिवळी पडते आणि विरते.

जुना मफलर लोकरीचा आहे की अ‍ॅक्रिलिकचा, हेही आधी कळायला हवं. आतल्या बाजूनं धाग्याचं एखादं टोक कापून चिमट्यात धरून जाळा. जळलेल्या केसांसारखा वास आला आणि राख बोटांत चुरली, तर लोकर. वितळून कडक गोळी झाली, तर अ‍ॅक्रिलिक. लोकर गरम पाण्यात चोळली की आटून नमद्यासारखी घट्ट, जाडसर होते आणि परत सैल होत नाही. अ‍ॅक्रिलिकवर गरम इस्त्री टेकवली की ते कायमचं लुळं पडतं.

भरायला बसण्यापूर्वी मफलर धुऊन उजेडासमोर धरा. आपल्याकडे थंडी दीड-दोन महिन्यांची, बाकीचे दिवस तो कपाटात, त्यामुळे कसर लागलेली असू शकते. भोक असेल तर ते आधी रफू करा. नुसतं फुलाखाली झाकलेलं भोक टाक्यांच्या ओढीनं मोठं होतं.

गोंड्यांच्या बाबतीत बहुतेक चुका वजनाच्या असतात. हिशेब करून बघा. २० सेंटिमीटर रुंद टोकाला अडीच-अडीच सेंटिमीटरवर ९ गोंडे, दोन्ही टोकांना मिळून १८. १२ सेंटिमीटरच्या पुठ्ठ्यावर प्रत्येकाला ३० वेढे घेतले तर एका गोंड्याला सव्वासात मीटर लोकर लागते, सगळ्यांना मिळून सुमारे १३० मीटर. मध्यम जाडीचा ५० ग्रॅमचा गुंडा यात सहज संपतो. एवढं वजन लोंबलं की जुना मफलर लांबत जातो आणि मधून अरुंद होतो. १५ वेढे पुरतात, किंवा दर टोकाला ५ गोंडे लावा.

गोंडा एकाच फासाला बांधू नका, तो फास ओढला जाऊन तिथे भोक पडतं. टोकाला आधी एकेरी क्रोशाची एक ओळ घाला आणि गोंडे त्या ओळीत अडकवा. गोंड्याची मान, म्हणजे वरचा दोऱ्यानं आवळलेला भाग, सुटत असेल तर पाच-सहा वेढे घट्ट घेऊन दोऱ्याचं टोक सुईनं मानेतून आत ओढा. अ‍ॅक्रिलिक गुळगुळीत असतं, त्यात नुसत्या गाठीवर भरवसा ठेवू नका.

आणि कात्री शेवटी. गुंड्यातून आलेली लोकर वाकलेली असते; आत्ता सारखी कापली तरी पहिल्या धुण्यानंतर खालीवर होते. गोंडे कोमट पाण्यात भिजवा, बोटांनी सरळ करा, वाळू द्या, मग कापा. धुताना गोंडे जुन्या मोज्यात बांधून ठेवले तर गुंता होत नाही. रिठ्याचं कोमट पाणी, न पिळता टॉवेलमध्ये दाबून पाणी काढणं, आणि मफलर आडवा पसरून सावलीत वाळवणं. दोरीवर टांगलात तर ओले गोंडे त्याला एका दुपारीत बोटभर लांब करतील.