नेट चालू, पण ब्राउझर पेज उघडेना? कॅशे राहू दे, आधी प्रॉक्सी बघा

त्याच वायफायवर मोबाइलमधे युट्यूब मस्त चालतंय, लॅपटॉपवर पोराचा ऑनलाइन गेमसुद्धा चालतोय, आणि क्रोम मात्र एक पेज उघडायला तयार नाही. अशा वेळी उपाय शोधायला जा, सगळीकडे तीच जपमाळ: कॅशे उडवा, कुकीज उडवा, क्रोम काढून परत टाका. अहो कॅशे म्हणजे आधी बघितलेल्या पेजांच्या साठवून ठेवलेल्या प्रती. ती बिघडली तर एखादी साइट वेडीवाकडी दिसेल, एखाद्या ठिकाणी लॉगिन अडेल, पण म्हणून सगळ्याच साइट्स बंद पडत नाहीत. वर घाईघाईत सगळ्या टिक मारून डेटा क्लिअर केला की सेव्ह केलेले पासवर्ड पण जाऊ शकतात, मग पेज उघडायला लागलं तरी बँकेत शिरता येत नाही अशी गत. क्रोम परत टाकण्याबद्दल पुढे सांगतो, ते तर अजूनच फुकट.

राउटर बंद-चालू करून झाला असेल, दुसऱ्या ब्राउझरमधे पण बघितलं असेल असं धरून चालतोय.

आधी मेसेज वाचा

लोक पेज उघडलं नाही की लगेच रिफ्रेश मारत बसतात. खाली बारीक अक्षरात इंग्रजीत जे लिहिलेलं असतं ना, अर्धं निदान तिथेच आहे.

क्रोमचा तो डायनासोर आला आणि खाली 'प्रॉक्सी' किंवा 'डीएनएस' असं काही लिहिलेलं नसेल, तर त्या मशीनला नेटच नाही, हा लेख तुमच्यासाठी नाही.

'युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट' असं प्रत्येक साइटला येत असेल तर कोपऱ्यातलं घड्याळ बघा. जुन्या डेस्कटॉपमधे मदरबोर्डवरची सीआर २०३२ बॅटरी संपली की तारीख थेट काही वर्षं मागे जाते, आणि साइटचं सर्टिफिकेट, म्हणजे तिचं ओळखपत्र, ठराविक मुदतीचंच असतं, त्यामुळे ब्राउझरला वाटतं हे अजून सुरूच झालेलं नाही. तारीख नीट करा, पेजं उघडतील, पण बॅटरी बदलली नाही तर पुढच्या वेळी लाइट गेली की परत तेच. नाण्याएवढी असते, घड्याळवाल्याकडे मिळते. आणि तो इशारा डावलून पुढे जाऊ नका, निदान बँकेच्या साइटवर तरी नकोच.

रेल्वे स्टेशनवर किंवा हॉटेलात असाल तर बहुतेक वेळा त्यांचं ओटीपीचं पेज पुढे आलेलं नसतं. पत्त्याच्या पट्टीत एचटीटीपी-वाली, म्हणजे शेवटी एस नसलेली साइट टाका, नेव्हरएसएसएल डॉट कॉम नावाची साइट याचसाठी बनवलीय, की ते पेज टपकतं.

एकच साइट उघडत नाही, बाकी सगळं ठीक? मग दोष त्यांचा असू शकतो, फॉर्म भरायच्या शेवटच्या तारखेला सरकारी साइट्सचं काय होतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप जगभरात सहाएक तास गायब झाले होते, त्या रात्री कितीतरी घरांत बिचारे राउटर विनाकारण बंद-चालू झाले असतील.

याच्या उलट प्रकारही होतो, गुगल आणि युट्यूब उघडतं, बाकी बऱ्याच साइट्स उघडत नाहीत. यात बहुतेक वेळा आयपीव्ही-६ (नेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत) चालू असतं आणि आयपीव्ही-४ (जुनी पद्धत) बंद पडलेलं असतं, गुगलवाले दोन्हीवर आहेत, अजून बरेच जण नाहीत. हे तुमच्या हातातलं नाही, नेटवाल्याला फोन करा आणि 'आयपीव्ही-४ जात नाहीये' असंच सांगा. 'नेट स्लो आहे' म्हणालात तर तो राउटर रिस्टार्ट करायला सांगून फोन ठेवेल.

प्रॉक्सी, खरा त्रास इथे

मेसेजमधे 'प्रॉक्सी' हा शब्द दिसला, किंवा काहीच न सांगता पेज नुसतं गोल गोल फिरतंय, तर आता नीट बसून वाचा, कारण इथेच मी सगळ्यात जास्त डोकं खाजवलंय आणि इथेच लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात.

प्रॉक्सी म्हणजे मधला माणूस. ब्राउझर साइटकडे थेट न जाता आधी त्याच्याकडे जातो, तो पुढून पेज आणून देतो. आता मधला माणूसच जागेवर नसेल तर ब्राउझर दारात उभा राहतो. पण पिंग (समोरचं मशीन उत्तर देतंय का ते बघायची कमांड), टॉरेंट, बरेचसे गेम त्याला विचारतच नाहीत, थेट जातात, म्हणून 'नेट चालू आहे पण ब्राउझर नाही' हा घोळ. क्रोम आणि एज दोघं विंडोजचीच प्रॉक्सी सेटिंग वापरतात, क्रोमची वेगळी अशी सहसा नसते. म्हणून क्रोम काढून परत टाकणं फुकट, नवीन क्रोमसुद्धा त्याच दारात जाऊन उभा राहणार.

ही प्रॉक्सी येते कुठून? इंजिनियरिंग कॉलेजच्या हॉस्टेलवर पूर्वी हमखास लावायला सांगायचे, अजूनही काही ठिकाणी सांगतात, पोरगं दिवाळीला घरी आलं की 'घरचं नेट बेकार आहे' म्हणतं. ऑफिसची असते. आणि सगळ्यात जास्त वेळा फुकटातलं व्हीपीएन, ॲड ब्लॉकर नाहीतर कुठल्यातरी क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबरोबर आलेला कचरा ती गुपचूप लावतो, आपण तो प्रोग्राम अनइन्स्टॉल करतो आणि सेटिंग तशीच मागे राहते.

विंडोजच्या सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, प्रॉक्सी, इथे जा. काहीही बंद करायच्या आधी, परत सांगतो, आधी, मोबाइलने त्या स्क्रीनचा फोटो काढा. तिथला पत्ता आणि पोर्ट नंबर हा चोराचा पत्ता असतो आणि एकदा पुसलात की गेला. पत्ता १२७.०.०.१ असेल तर तो मधला माणूस तुमच्याच मशीनवर राहणारा प्रोग्राम आहे (किंवा होता), आणि तो बंद असेल तर पेज लगेच फेल होतं. पत्ता १० किंवा १७२.१६ ने सुरू होत असेल आणि पोर्ट ३१२८ असेल तर जवळजवळ नक्की कॉलेज नाहीतर ऑफिस, कारण अशा ठिकाणी बऱ्याचदा चालणाऱ्या स्क्विड नावाच्या प्रॉक्सीचा तो ठरलेला पोर्ट आहे, आणि घरून तो पत्ता सापडतच नाही म्हणून पेज बराच वेळ फिरत राहतं आणि मग मान टाकतं. पोर्ट ८८८८ दिसला आणि घरात कोणी प्रोग्रामिंग करत असेल तर त्याला विचारा फिडलर (नेटवरची ये-जा तपासायचं टूल) वापरतोस का.

आता बंद करा. तर यात एक बटण नाही, तीन आहेत. खालचं 'युज अ प्रॉक्सी सर्व्हर' सगळे बंद करतात आणि खूश होतात. त्याच्या वर 'युज सेटअप स्क्रिप्ट' आहे, त्यात जुन्या ऑफिसचा नाहीतर त्या कचरा सॉफ्टवेअरचा पत्ता बसलेला असतो आणि पेजं अडवायला तो एकटा पुरेसा असतो, तेही बंद. 'ऑटोमॅटिकली डिटेक्ट सेटिंग्ज' चालू राहिलं तरी सहसा चालतं, पण प्रत्येक वेळी पहिलं पेज उघडायला उगाच वेळ लागत असेल तर घरच्या मशीनवर तेही बंद करून बघा.

इथे एक फार पसरलेला चुकीचा सल्ला आहे: कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत 'नेटएसएच विनएचटीटीपी रिसेट प्रॉक्सी' टाका. ती कमांड विंडोजच्या आतल्या सर्व्हिसेसची प्रॉक्सी काढते, क्रोम जी वाचतो ती वेगळी, तिला हात पण लागत नाही. कमांड 'डायरेक्ट ॲक्सेस, नो प्रॉक्सी सर्व्हर' म्हणते, पेज उघडत नाही, आणि माणूस समजतो प्रॉक्सी तर काढली, म्हणजे दोष दुसरीकडेच आहे, आणि तिथून पुढे सगळी शोधाशोध चुकीच्या दिशेने.

बंद केलेलं बटण रिस्टार्टनंतर परत चालू झालं? मग कोणीतरी ते चालू करतंय. हे पुन्हा पुन्हा बंद करत बसू नका, तो जिंकणार. इन्स्टॉल्ड ॲप्सची यादी तारखेप्रमाणे लावा आणि त्रास सुरू झाला त्याच्या आसपास काय आलंय ते बघा, ओळखीचं नसेल तर काढा. टास्क मॅनेजरमधली स्टार्टअपची यादी बघा. क्रोममधे फुकटातल्या व्हीपीएनचं एक्स्टेन्शन असेल तर ते आधी काढा, ती एक्स्टेन्शन्स, विंडोजचं बटण काहीही असो, क्रोमची प्रॉक्सी आपल्या ताब्यात घेतात. आणि क्रोमच्या मेनूत सगळ्यात खाली 'मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन' दिसत असेल तर लॅपटॉप ऑफिसचा आहे का ते बघा: असेल तर हात लावू नका, आयटीवाल्याला सांगा, तुम्ही काढाल आणि उद्या ऑफिसातलंच काही उघडणार नाही. घरचाच असेल तर कुठल्यातरी प्रोग्रामने पॉलिसी, म्हणजे क्रोमवर लादलेला नियम, घुसवलीय. काही अँटिव्हायरस पण हे करतात, पण ओळखीचं काहीच कारण दिसत नसेल तर मालवेअरचा स्कॅन लावल्याशिवाय पुढे जाऊ नका.

खात्री करायचा माझा आवडता मार्ग म्हणजे फायरफॉक्स. त्याची स्वतःची वेगळी सेटिंग असते: सेटिंग्ज, जनरल, अगदी खाली नेटवर्क सेटिंग्ज, तिथे 'नो प्रॉक्सी' निवडा. यात पेजं उघडली आणि क्रोममधे नाही, तर वाद संपला, दोष विंडोजच्या प्रॉक्सीत नाहीतर क्रोममधे घुसलेल्या एक्स्टेन्शन-पॉलिसीत आहे. फायरफॉक्स नसेल आणि डाउनलोड कसा करणार म्हणाल तर त्याचा पूर्ण (ऑफलाइन) इन्स्टॉलर मोबाइलवर उतरवून केबलने घ्या.

मग डीएनएस

प्रॉक्सी साफ आहे आणि मेसेजमधे 'डीएनएस' किंवा 'नेम नॉट रिझॉल्व्ड' असेल तर नावावरून पत्ता शोधणारी डिरेक्टरी बंद पडलीय. पिंग ८.८.८.८ चालतंय पण पिंग गुगल डॉट कॉम चालत नाही, म्हणजे पक्कं हेच. वायफायच्या प्रॉपर्टीजमधे डीएनएस मॅन्युअल करा, पहिला १.१.१.१ (क्लाउडफ्लेअर कंपनीचा), दुसरा ८.८.८.८ (गुगलचा), आकडे इंग्रजीतच टाका. दोन्ही एकाच कंपनीचे लावू नका, १४ जुलै २०२५ ला १.१.१.१ तासभर बंद होता तेव्हा ज्यांनी १.१.१.१ आणि १.०.०.१ अशी क्लाउडफ्लेअरचीच जोडी लावली होती ते दोन्हीकडून अडकले. क्रोममधे 'युज सिक्युअर डीएनएस' मधे कधीकाळी काही हाताने टाकलं असेल तर तेही काढा, नाहीतर विंडोजमधे काही बदललं तरी क्रोम आपलंच खरं करतो.

मोबाइलवर हाच प्रकार असेल तर ॲन्ड्रॉइडच्या सेटिंग्जमधे 'प्रायव्हेट डीएनएस' शोधा. रील बघून जाहिराती बंद करायला तिथे कुणाचातरी पत्ता टाकलेला असतो, तो सर्व्हर बसला की फोन दुसरीकडे विचारतच नाही. 'ऑटोमॅटिक' करा.

इतकं करूनही अडलं तर अँटिव्हायरसमधलं वेब शिल्ड पाच मिनिटं बंद करून बघा, मुदत संपलेला असेल तर सरळ काढून टाका, विंडोजचा स्वतःचा आहेच. आणि अगदी शेवटी 'नेटवर्क रिसेट'. त्याने सेव्ह केलेली सगळी वायफाय विसरली जातात, तेव्हा आधी घरचा पासवर्ड कुठे लिहिलाय ते शोधा, मग बटण दाबा.