थोरियमची बातमी आली की आधी यु-२३३ शोधा: दावा तपासायचा कसा

अणुइंधन म्हणून ज्याची चर्चा होते त्या थोरियम धातूवर काही ना काही फिरतच असतं, कधी कुणीतरी म्हणतं हजार वर्षांची वीज फुकट, कधी कुणी म्हणतं यापासून बॉम्ब बनूच शकत नाही, आणि खाली कमेंटमध्ये मग हे आधीच का केलं नाही यावर भांडण. या सगळ्यात एक नाव सहसा येतच नाही, युरेनियम-२३३. खरं इंधन तेच आहे, थोरियम नाही. त्यामुळे बातमी हातात आली की त्यात यु-२३३ कुठे तयार होतंय, कुठे जळतंय आणि किती, एवढं शोधायचं, अर्धे दावे तिथेच गळून पडतात.

सगळ्यात आधी साखळी कागदावर लिहून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. थोरियम-२३२ न्यूट्रॉन गिळतं, थोरियम-२३३ होतं, त्याचं अर्धायुष्य (निम्मं बदलून जायला लागणारा वेळ) साधारण २२ मिनिटं. त्यातून प्रोटॅक्टिनियम-२३३, अर्धायुष्य सुमारे २७ दिवस. आणि त्यातून यु-२३३, जे १ लाख ५९ हजार वर्षांच्या अर्धायुष्याने आरामात बसून राहतं आणि संथ न्यूट्रॉन लागला तरी फुटतं. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ ग्लेन सीबोर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१-४२ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला हे शोधून काढलं, म्हणजे ‘नवीन क्रांतिकारी शोध’ असं कुणी लिहिलं असेल तर तिथेच भुवई उंचावायला हरकत नाही.

आता पहिला प्रश्न विचारायचा, तो न्यूट्रॉन आला कुठून? थोरियम ओल्या लाकडासारखं आहे, आधी पेटलेली चूल असेल तरच ते वाळून पेटणार. ती चूल म्हणजे यु-२३५ किंवा प्लुटोनियम किंवा आधी कुठेतरी बनवून ठेवलेलं यु-२३३. बातमीत याचा उल्लेखच नसेल तर ती अर्धीच बातमी आहे. भारताच्या तीन टप्प्यांच्या अणुऊर्जा कार्यक्रमात थोरियम तिसऱ्या टप्प्यावर का ठेवलंय याचं उत्तरही हेच, आधीच्या दोन टप्प्यांत चूल पेटवायचीय.

मग ते २७ दिवस. यावर जरा थांबा, कारण लोक हे सोडून देतात. समजा आज काही प्रोटॅक्टिनियम तयार झालं, तर २७ दिवसांनी त्यातलं निम्मं यु-२३३ झालेलं असेल, ५४ दिवसांनी पाऊण, आणि जवळपास सगळं व्हायला आठ-नऊ महिने. तोवर ते रिॲक्टरमध्येच पडून असेल तर त्यातलं काही स्वतःच एखादा न्यूट्रॉन गिळून बसतं, म्हणजे दुहेरी तोटा, न्यूट्रॉनही गेला आणि होऊ घातलेलं इंधनही गेलं. म्हणून ‘आज थोरियम टाकलं, उद्यापासून वीज’ असं होत नसतं.

आता आकडे. हा मेसेज तुम्हीही पाहिला असेल, १ टन थोरियम म्हणजे २०० टन युरेनियम म्हणजे ३५ लाख टन कोळसा. चला तपासू. लक्षात ठेवायचा आकडा एकच, १ ग्रॅम यु-२३३ पूर्ण फुटलं की साधारण १ मेगावॅट-दिवस उष्णता मिळते, म्हणजे २४,००० युनिट. चांगल्या कोळशाच्या १ किलोतून ७ ते ८ युनिट उष्णता, म्हणजे १ ग्रॅमची बरोबरी साधारण ३ टन कोळशाशी, म्हणजे १ टनाची ३० लाख टनांशी. कोळशाचा हिशोब बऱ्यापैकी बरोबर निघाला की! गडबड मधल्या २०० टनांत आहे. थोरियमचा अणू न् अणू यु-२३३ करून जाळला असं धरलंय आणि युरेनियमच्या बाजूला मात्र आजच्या साध्या रिॲक्टरची उधळपट्टी धरलीय, जिथे निसर्गातल्या युरेनियमपैकी फक्त ०.७ टक्के यु-२३५ असतं आणि मुख्य भर त्याच्यावर असतो. उरलेल्या युरेनियम-२३८ चं पण ब्रीडरमध्ये, म्हणजे जाळतो त्याहून जास्त इंधन बनवणाऱ्या रिॲक्टरमध्ये, प्लुटोनियम करून जाळलं तर ग्रॅममागे ऊर्जा जवळजवळ तेवढीच. म्हणजे ही तुलना थोरियम विरुद्ध युरेनियम नाहीच, ब्रीडर विरुद्ध बिगर-ब्रीडर आहे.

आणि हो, मेगावॅट दिसला की उष्णतेचा की विजेचा ते बघायचंच. साधारण एक तृतीयांशच वीज होते, बाकी उष्णता पाण्याबरोबर नाहीतर हवेत. चीनमध्ये गान्सू प्रांतातल्या वूवेईला जो थोरियमचा वितळलेल्या मिठाचा (इंधन मिठातच विरघळवलेलं असतं असा) रिॲक्टर आहे तो २ मेगावॅटचा, तेही उष्णतेचे. प्रयोग म्हणून मोलाचा आहे, पण त्याने शहरं उजळत नाहीत.

मग यु-२३३ च का, एवढा खटाटोप कशाला? कारण संथ न्यूट्रॉनने यु-२३३ फोडलं की गिळलेल्या प्रत्येक न्यूट्रॉनमागे सरासरी २.२८ च्या आसपास नवे मिळतात, यु-२३५ ला २.०७ च्या आसपास, प्लुटोनियम-२३९ ला २.१ च्या आसपास. एक न्यूट्रॉन साखळी चालू ठेवायला, एक नवीन इंधन बनवायला, म्हणजे दोन तर लागणारच, आणि गळतीला जे काही वरचं उरतं त्यात यु-२३३ पुढे आहे. साध्या पाण्याच्या रिॲक्टरमध्ये ब्रीडिंग होऊ शकतं हे अमेरिकेत शिपिंगपोर्टला १९७७ ते १९८२ मध्ये करून दाखवलं, शेवटी मोजलं तेव्हा सुरुवातीपेक्षा सुमारे १.४ टक्के जास्त विखंडनीय (न्यूट्रॉनने फुटणारं) इंधन सापडलं. पाच वर्षांत १.४ टक्के! होतं हे नक्की, पण भरभर होतं असं कुणी म्हणू नये.

अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेतल्या जुन्या मिठाच्या रिॲक्टरचा दाखला देणारे तर पदोपदी भेटतात, ‘साठच्या दशकातच थोरियमवर चालवला होता’ म्हणून. तो १९६५ ला सुरू झाला, १९६८ ला त्यात यु-२३३ घातलं आणि १९६९ ला बंद झाला हे खरं, पण ते यु-२३३ दुसरीकडे बनवून आणलेलं होतं, त्या मिठात थोरियम नव्हतं. वीजही तयार केली नव्हती. यु-२३३ वर चालणारा छोटा रिॲक्टर बघायचाच असेल तर कल्पाक्कमचा कामिनी आहे, १९९६ पासूनचा, फक्त ३० किलोवॅट, काम मुख्यतः न्यूट्रॉनने आरपार फोटो काढायचं, वापरलेल्या इंधनाच्या नळ्यांची तपासणी वगैरे.

आता बॉम्ब बनत नाही हा दावा. हा सरळ बाजूला ठेवा. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यु-२३३ वर प्लुटोनियमसारखीच नजर ठेवते, हिशोबासाठी दोघांची मर्यादाही सारखीच, ८ किलो. लोक यु-२३२ चं नाव पुढे करतात, ते यु-२३३ सोबत थोडंसं तयार होतंच आणि त्याच्या पुढच्या साखळीतलं थॅलियम-२०८ तब्बल २.६ एमईव्ही ऊर्जेचे, म्हणजे फार भेदक, गॅमा किरण सोडतं, माल हाताळणं अवघड होतं हे खरं. पण अवघड म्हणजे अशक्य नाही, आणि तीच अडचण इंधन बनवणाऱ्यालाही येते, जाड भिंतीमागून यंत्राच्या हातांनी काम करायचं म्हटलं की खर्च वाढतोच. म्हणजे एकाच लेखात ‘सुरक्षित म्हणून बॉम्ब अशक्य’ आणि ‘इंधन एकदम स्वस्त’ असं दोन्ही असेल तर लेखकाने ताळा केलेला नाही.

कचऱ्याचं थोडक्यात, प्लुटोनियमसारखे जड पदार्थ खूप कमी होतात, ते चांगलंच आहे, पण फुटल्यावरचे तुकडे तसेच राहतात आणि प्रोटॅक्टिनियम-२३१ हे ३२ हजारांवर वर्षांच्या अर्धायुष्याचं नवं डोकेदुखीचं खातं उघडतं. ‘कचराच नाही’ लिहिलं असेल तर पुढे वाचू नका.

वीज सोडून यु-२३३ चा जो उपयोग मला जास्त भारी वाटतो तो बातम्यांत कोपऱ्यात असतो. ते हळूहळू थोरियम-२२९ होतं, त्यातून पुढे ॲक्टिनियम-२२५, अर्धायुष्य दहाच दिवस, अल्फा कण सोडतं आणि कॅन्सरच्या पेशींना चिकटणाऱ्या रेणूला जोडून वापरायचे प्रयोग चालू आहेत. साठवून ठेवता येत नाही, पण थोरियम-२२९ जपून ठेवलं की त्यातून पुन्हा पुन्हा काढता येतं, म्हणून ओक रिजला जुन्या साठ्याची विल्हेवाट लावताना आधी हे थोरियम वेगळं काढून घेतात. त्यामुळे ‘निरुपयोगी अणुकचरा’ अशी या साठ्याची बातमी दिसली तर थोरियम-२२९ काढलं की नाही हे आधी विचारा, कारण २०२४ मध्ये ज्या अणुकेंद्राला (अणूच्या गाभ्याला) पहिल्यांदा लेझरने उत्तेजित केलं आणि ज्यावर आता अणुकेंद्रीय घड्याळ बनवायचं चाललंय ते केंद्रही याच थोरियम-२२९ चं आहे.