आधी टेप, मग पाना

आठ महिने माझा उजवा गुडघा वाटीच्या खाली दुखत होता आणि मी खापर वयावर फोडत होते. चढ लागला की ठणका सुरू, उताराला लागले की गप्प. बर्फ लावला, पट्टा बांधला, ‘आता हे पुरे कर’ हे घरच्यांचं पालुपदही ऐकून घेतलं. एका सकाळी, दुसरं काही सुचेना म्हणून, शिवणाच्या डब्यातली टेप काढून माझी माउंटन बाइकच मोजली. सीट हिशेबापेक्षा २२ मिलिमीटर खाली होती.

तेव्हापासून नव्या माणसाने मला ‘कुठलं तेल घालू?’ विचारलं की मी आधी ‘सीटची उंची किती?’ असं उलट विचारते. बहुतेकांना ती माहीत नसते.

मोजायचं असं. अनवाणी भिंतीला पाठ टेकून उभं राहा. एक जाड पुस्तक मांड्यांमध्ये, सीटवर बसल्यावर जितका दाब येतो तितकं वर दाबून धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत माप घ्या. माझं ७६ सेंटिमीटर भरलं. त्याला ०.८८३ ने गुणलं की ६७.१. क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, ज्या आसावर फिरतो त्याच्या मध्यापासून, सीटच्या नळीला धरून, सीटच्या माथ्यापर्यंतचं हे अंतर. माझं होतं ६४.९.

मी उत्साहात एका फटक्यात ६७.१ केलं. माझी मुलगी मागून येत होती. ती म्हणाली, “आई, तू बदकासारखी डुलतेयस.” बरोबर होतं तिचं. हे सूत्र मुळात रोड सायकलवाल्यांचं. खडबडीत वाटेवर सीटवर जरा हालचालीला जागा लागते, शिवाय माझ्या बुटांचे तळ पातळ. त्यामुळे आकडा ही फक्त सुरुवात समजा. खरी परीक्षा टाचेची: भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसा, नेहमीचे बूट घाला, पेडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूला कलता कामा नये. मग टाचेऐवजी चवडा पेडलवर आला की गुडघ्यात आपोआप हवा तेवढा बाक राहतो. मी ६६.६ वर स्थिरावले. सीट खाली असली की दुखणं बहुधा गुडघ्याच्या पुढे येतं, फार वर असली की मागच्या शिरा ओढल्यासारख्या होतात. एका फेरीला ५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलवू नका आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. उंची जमली की सीटपोस्टवर, म्हणजे सीटखालच्या वर-खाली होणाऱ्या दांड्यावर, इन्शुलेशन टेपचा एक वेढा मारून ठेवा. वर घेताना पोस्टवर कोरलेली ‘किमान आत’ची रेघ बाहेर दिसायला लागली तर थांबा, मग फ्रेम तुम्हाला लहान आहे किंवा पोस्ट आखूड आहे.

सीट पुढे-मागे सरकवण्यावर लोक तासन् तास वाद घालतात. मी ती रुळांच्या मधोमध, स्पिरिट लेव्हल लावून आडवी ठेवते आणि हाताचे तळवे बधिर झाले तरच त्यात हात घालते.

ब्रेकच्या लिव्हरचं मात्र दुर्लक्ष होतं. नव्या सायकलीवर त्या अनेकदा फार खाली झुकलेल्या आणि मुठीजवळ येऊन बसलेल्या असतात. उतारावर जसे उभे राहता तसे उभे राहा, डोळे मिटा, तर्जनी पुढे करा. बोट जिथे सहज पडेल तिथे लिव्हरचं टोक हवं. क्लँप सैल करून आत सरकवा, कोन बदला, लांबीचा छोटा स्क्रू फिरवून लिव्हर बोटाच्या पेराशी आणा. पाच मिनिटांचं काम, पण माझ्या मनगटांची आग त्यानेच गेली.

आता हवा, दोन ठिकाणची. माझी हार्डटेल आहे, म्हणजे धक्के झेलणारा शॉक फक्त पुढे, चाक धरणाऱ्या फोर्कमध्ये. फोर्कच्या नळीवर एक रबरी कडं असतं. हेल्मेट, पाण्याची पिशवी, सगळं अंगावर चढवून भिंतीला धरून पेडलवर उभं राहायचं, ते कडं खाली, नळी जिथे आत शिरते त्या सीलला टेकवायचं आणि न उसळता हळूच उतरायचं. कडं सीलपासून जितकं वर राहिलं तितका तुमचा सॅग, म्हणजे तुमच्या वजनाने फोर्क बसतो ते अंतर. १२० मिलिमीटरच्या फोर्कला मी २४ ठेवते, म्हणजे २० टक्के. त्याहून जास्त बसत असेल तर शॉक पंपाने हवा भरा, कमी बसत असेल तर सोडा. टायरसाठी अंगठ्याने दाबून बघण्याची सवय सोडा, गेज घ्या. माझं वजन ६२ किलो, टायर २.३ इंची ट्यूबलेस, पुढे २० आणि मागे २३ पीएसआय. ट्यूब असेल तर चार-पाच वाढवा. पंक्चर काढताना ट्यूबला शेजारीशेजारी दोन भोकं दिसली तर खिळ्याला शिव्या देऊ नका. हवा कमी होती आणि दगडावर रिमने ट्यूब चिमटली.

चेनचं सांगायचं तर माझी चूक तेल न घालण्याची नव्हती, बदाबदा घालण्याची होती. वर चकचकीत काळा चिखल आणि आत रोलर कोरडे. तेल लागतं ते कड्या जोडणारी पिन आणि तिच्यावर फिरणारा रोलर यांच्या मध्ये. म्हणून चेन आधी फडक्याने पुसा, प्रत्येक रोलरवर एकच थेंब, क्रँक उलटा फिरवत पूर्ण एक फेरा, दहा मिनिटं थांबा, मग कोरड्या फडक्यात चेन धरून इतकी पुसा की बोटाला डाग लागू नये. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ गोळा करतं.

चेन झिजली का ते बघायला स्टीलची पट्टी पुरते, इंचाची बाजू घ्या. चेन ताणून एका पिनच्या मध्यावर शून्य धरा. नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंचांवर पुन्हा पिनचा मध्य येतो. तो एक सोळांश इंच पुढे गेला असेल तर झीज अर्धा टक्का झाली. ११ किंवा १२ गिअरची चेन तिथेच बदलावी. मी ‘अजून चालतेय की’ म्हणत राहिले. नवी चेन घातली तेव्हा ती जुन्या कॅसेटवर, म्हणजे मागच्या चाकाच्या दातेरी चकत्यांवर, चढाला घसरू लागली, कारण दात जुन्या चेनच्या मापाने झिजले होते. मग कॅसेटही बदलावी लागली.

तेलाचीच दुसरी चूक ब्रेकची. स्प्रेचं तेल चेनवर मारलं आणि त्याचा फवारा मागच्या डिस्कवर गेला. पुढच्या उतारावर ब्रेक असा किंचाळला की पुढे चाललेले तिघं बाजूला झाले, आणि सायकल थांबायचं नाव घेईना. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. पॅडनी तेल प्यायलं होतं, ते फेकले. नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या सपाट रस्त्यावर वेग घेऊन, चाक लॉक न करता, चालण्याच्या वेगापर्यंत जोरात ब्रेक दाबायचा आणि सोडायचा, असं वीसेक वेळा. त्याशिवाय पूर्ण पकड येत नाही. चाक काढलेलं असताना लिव्हर दाबू नका, पिस्टन बाहेर येतात. ब्रेकचं तेल बदलायची वेळ आली तर लिव्हरवर काय लिहिलंय ते वाचा: मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये डॉट हे दुसऱ्या जातीचं ब्रेक-तेल गेलं की सील खराब होतात, उलटही तेच. माउंटन बाइकिंगचं आणि ब्रेकच्या देखभालीचं नातं जुनंच आहे. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत ज्या उतारावर शर्यती सुरू झाल्या त्याचं नावच ‘रिपॅक’ पडलं, कारण खाली पोचेपर्यंत मागच्या हबमधल्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातल्या, ब्रेकचं ग्रीस जळून जायचं आणि दर वेळी हब उघडून नवं भरावं लागायचं.

गिअर किटकिटले की लिमिट स्क्रूला, म्हणजे चेन दोन्ही टोकांना कुठवर जाईल ते ठरवणाऱ्या स्क्रूला, हात लावू नका. केबलच्या टोकाची फिरती टोपी, म्हणजे बॅरल, एक-एक क्लिक फिरवा: मोठ्या चकतीवर चढायला कुरकुर करत असेल तर घड्याळाच्या उलट, लहानीवर उतरायला तर सुलट. आठ-दहा क्लिकमध्ये सुधारलं नाही तर मागून बघा, डीरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, आत झुकलेला दिसतो का. सायकल उजव्या कुशीवर पडली असेल तर बहुधा डीरेलर फ्रेमला जोडणारा हँगर वाकलेला असतो. तो मुद्दाम मऊ धातूचा केलेला असतो, फ्रेमऐवजी त्याने वाकावं म्हणून.

पेडल काढताना मी डाव्या बाजूला पाइप लावून जोर केला होता आणि तो चुकीच्या दिशेने. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. पाना वरच्या बाजूला उभा ठेवून मागच्या चाकाकडे ओढा, दोन्ही पेडलं सुटतात. बसवताना आट्यांना ग्रीस.

फोर्कचं तेल मी स्वतः बदलत नाही. कंपन्या ५० ते १२५ तासांमागे खालच्या नळ्यांची सर्व्हिस सांगतात, म्हणून टेपच्या शेजारी एक छोटी वही असते आणि प्रत्येक फेरीचे तास त्यात लिहिलेले. काल ४७ झाले. मेकॅनिकला फोन करून शनिवार ठरवलाय. सायकल देण्याआधी फोर्कमधला हवेचा आकडा वहीत उतरवून घेईन, कारण परत येताना तो माझा नसतो.