अठराव्या शतकातलं इंग्रजी साहित्य आणि आफ्रिका : वाचताना, लिहिताना या चुका टाळा

मंगो पार्क या स्कॉटिश प्रवाशावर निबंध आला की आफ्रिकी बायकांनी त्याच्यावर रचलेलं ते गाणं येणारच, आणि दहातल्या नऊ वेळा चुकीचं येणार. म्हणून सुरुवात तिथूनच.

जुलै १७९६. पार्क पश्चिम आफ्रिकेतल्या सेगूला पोचला, नायजर नदी डोळ्यांनी पाहिली, पण तिथल्या राजाने त्याला नदी ओलांडू दिली नाही. जवळच्या गावात कुणी थारा देईना. दिवसभर उपाशीपोटी तो झाडाखाली बसून राहिला. संध्याकाळी शेतावरून परतणाऱ्या एका बाईने त्याचं खोगीर आणि लगाम उचलले, त्याला घरी नेलं, निखाऱ्यांवर मासा भाजून दिला, चटई अंथरली. मग घरातल्या बायका रात्री उशिरापर्यंत कापूस कातत बसल्या आणि कातता कातता त्यांनी या पाहुण्यावरच गाणं रचलं. वारे सुटले, पाऊस कोसळला. बिचारा गोरा माणूस थकूनभागून आमच्या झाडाखाली बसला. त्याला दूध आणून द्यायला आई नाही, दळण दळायला बायको नाही. जात्यावरच्या ओव्या ऐकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. सकाळी निघताना पार्कने त्या बाईला आपल्या वेस्टकोटावर उरलेल्या चार पितळी बटणांपैकी दोन दिली.

चूक पुढे होते. पार्कच्या १७९९ च्या प्रवासवर्णनात हे गाणं दोनदा आहे : एकदा पार्कने दिलेल्या गद्य भाषांतरात आणि एकदा डेव्हनशरच्या डचेस जॉर्जियाना यांनी केलेल्या पद्यात, संगीतकार फेरारीच्या चालीसकट. पद्य पाठ करायला सोपं, म्हणून ‘आफ्रिकी लोकगीत’ या मथळ्याखाली तेच डकवलं जातं. पण त्यातलं दुसरं कडवं, म्हणजे वादळ शमतं, गोरा माणूस दूर निघून जातो आणि काळ्यांची माया हृदयात जपतो, हे कातणाऱ्या बायकांनी म्हटलेलंच नाही. बायकांना त्याची कीव आली होती. त्याने ऋणी राहावं ही हौस डचेसची. आणि नेमक्या त्या कृतज्ञतेवर दीड पान विश्लेषण लिहिलं जातं.

ओळखायची खूण सोपी आहे : यमक जुळत असेल तर ते डचेसचं. गद्य उतारा घेतलात तरी ‘मूळ गीत’ म्हणू नका, ‘पार्कने गद्यात दिलेलं भाषांतर’ म्हणा. मूळ शब्द त्याने छापलेले नाहीत. मांडिंका भाषा तो गँबियाकाठच्या पिसानियात शिकला होता. दुभाषा जॉन्सन मागे फिरला होता, बरोबरच्या डेंबा नावाच्या मुलाला मूर (अरब-बर्बर) लोकांनी धरून ठेवलं होतं. त्यामुळे त्या रात्री जे समजलं ते एकट्या पार्कच्या कानांना समजलं.

दुसरी चूक घाईची. स्कॅन केलेल्या पुस्तकात ‘आफ्रिका’ शब्द शोधायचा, सात ठिकाणी सापडला की ‘लेखकाने आफ्रिकेकडे दुर्लक्ष केलं’ असं ठोकून द्यायचं. त्या काळची पुस्तकं गिनी (पश्चिम आफ्रिकेचा किनारा), निग्रोलँड, बार्बरी, अ‍ॅबिसिनिया (म्हणजे इथिओपिया) असं लिहितात. शिवाय गिनी हे २१ शिलिंगांचं नाणंही, त्यामुळे शोधात अर्धे निकाल पैशांचे येतात. वर छपाईतला तो लांब ‘एस’ यंत्र ‘एफ’ वाचतं, म्हणजे ‘स्लेव्ह’ शोधलात तर ‘फ्लेव्ह’ झालेले सगळे निसटतात. दोन्ही स्पेलिंगं शोधा. त्याहून बरं म्हणजे निदान एक प्रकरण सलग वाचा; तेवढाही धीर नसेल तर विषय बदलावा.

‘ब्लॅक’ म्हणजे आफ्रिकी हे गृहीतही सोडा. याचा दाखला थेट मुंबईचा आहे. इग्नेशियस सँचो, गुलामीत वाढलेला, पुढे वेस्टमिन्स्टरमध्ये किराणा दुकान चालवणारा. १७७४ आणि १७८० साली त्याने मतदानही केलं. त्याच्या ओळखीच्या घरातला एक तरुण नोकरीसाठी इकडे आला होता. १७७६-७७ मध्ये मुंबईहून वडिलांना लिहिताना तो म्हणतो, इथले रहिवासी बहुतेक ‘ब्लॅक’, लबाड, यांच्या भाषेत कृतज्ञतेला शब्द नाही. हे ‘ब्लॅक’ म्हणजे आपलेच पणजोबा-खापरपणजोबा. १७७८ च्या पत्रात सँचो त्याला समजावतो की ही लबाडी आधी तिथे गेलेल्या ख्रिस्ती लोकांनीच शिकवली, आणि तुमच्या देशाची वागणूक पूर्वेकडे, वेस्ट इंडीजमध्ये आणि गिनीच्या किनाऱ्यावरही सारखीच दुष्ट राहिली आहे. हे पत्र सोडून सँचोला ‘कादंबरीकार लॉरेन्स स्टर्नचा नक्कलकार’ म्हणणारे लेख वाचले की कपाळावर हात मारावासा वाटतो. उलट टोकही नको : १७६६ मध्ये सँचोच्या पत्रामुळेच स्टर्नला ‘ट्रिस्ट्रम शँडी’तली ती माश्या न मारता नुसत्या हाकलणारी काळी मुलगी सुचली, असं नाही. स्टर्नने उत्तरात स्पष्ट लिहिलंय की पत्र आलं तेव्हा तो प्रसंग तो लिहीतच होता.

गुलामीतून सुटून आत्मकथा लिहिणाऱ्या इक्वियानोचं प्रकरण जास्त नाजूक. १७८९ च्या आत्मकथेत तो आपला जन्म आजच्या नायजेरियातल्या इग्बो मुलखात झाल्याचं सांगतो. वेस्टमिन्स्टरच्या सेंट मार्गारेट चर्चमधली १७५९ ची बाप्तिस्म्याची नोंद आणि १७७३ च्या उत्तर ध्रुव मोहिमेतली जहाजाची हजेरी मात्र जन्म अमेरिकेतल्या कॅरोलिनातला म्हणते. काहीजण या नोंदी लपवतात, काहीजण त्यांच्या जोरावर अख्खं पुस्तक खोटं ठरवतात. दोन्ही आळशीपणा. बाप्तिस्म्याच्या वेळी तो पोरगा होता, मालकाच्या ताब्यात होता; नोंदीतलं गाव कुणी सांगितलं हे नोंद सांगत नाही. दोन्ही पुरावे मांडा आणि पुढे चला. त्याहून उपयोगी काम म्हणजे पहिल्या प्रकरणातली तळटीप वाचणं. गावाचं वर्णन करताना तो गुलामीविरोधी लेखक बेनेझेटच्या गिनीवरच्या पुस्तकाचा हवाला स्वतःच देतो, आणि बेनेझेटने आपली माहिती युरोपीय प्रवाशांकडून उचललेली. म्हणजे ते प्रकरण इग्बो चालीरीतींचा थेट पुरावा म्हणून वापरता येत नाही. मात्र प्रवासवर्णनांचा माल त्यांच्याच विरुद्ध कसा वापरावा, याचा नमुना म्हणून ते उत्तम आहे.

आवृत्ती कोणती वापरली तेही लिहा. इक्वियानोच्या हयातीत नऊ निघाल्या. १७९२ मध्ये वर्तमानपत्रांनी ‘हा आफ्रिकेतला नाहीच’ असा आरोप केला, त्याला दिलेलं उत्तर पहिल्या आवृत्तीत कसं सापडेल?

बारीकसारीक : गुलामीतून सुटलेल्या ग्रोनिओसॉने आत्मकथा ‘लिहिली’ म्हणू नका, ती इंग्लंडमधल्या लेम्स्टरच्या (Leominster) एका तरुणीने उतरवून घेतली. आफ्रा बेनच्या ‘ओरूनोको’ या कथेची नायिका इमोइंडा काळी आहे, त्यावरच्या सदर्नच्या नाटकातली गोरी. अठराव्या शतकाने मुख्यतः पाहिली ती दुसरी. ‘इंकल आणि यारिको’ या कथेतली यारिको मुळात अमेरिकेतली आदिवासी, ती आफ्रिकी झाली नंतरच्या कवितांत. बोस्टनमधली गुलाम कवयित्री फिलिस व्हीटली हिच्या १७७३ च्या पुस्तकात, कविता तिच्याच आहेत अशी ग्वाही देणारं, बोस्टनच्या १८ जणांच्या सह्यांचं पत्र आहे. त्यांनी तिला समोर बसवून तोंडी परीक्षा घेतली, हे दृश्य पुस्तकात नाही.

‘सॅम्युएल जॉन्सनने रॅसेलस या कादंबरीतली अ‍ॅबिसिनिया कल्पनेतून रंगवली’ हेही थांबवा. १७३५ मध्ये त्याने पोर्तुगीज धर्मप्रचारक जेरोनिमो लोबोचं प्रवासवर्णन फ्रेंचमधून इंग्रजीत आणलं होतं. हा लोबो १६२२ मध्ये गोव्यात उतरला आणि तिथूनच पुढे इथिओपियाला गेला. कादंबरीत राजपुत्र कोंडलेले आहेत; राजपुत्रांना डोंगरावर कोंडण्याची चाल तिथे खरी होती. त्या देशाविषयी युरोपात गाजलेला जर्मन पंडित लुडोल्फचा ग्रंथ उभा आहे तो अब्बा गोर्गोर्योस या इथिओपियन धर्मगुरूने सांगितलेल्या माहितीवर. मुखपृष्ठावर त्याचं नाव नाही, म्हणून निबंधातही नसावं असा नियम नाही.

राहिला इथिओपियात फिरलेला स्कॉटिश प्रवासी जेम्स ब्रूस. त्याच्या प्रवासवर्णनाचे पाच खंड १७९० मध्ये आले. जिवंत गाईचं मांस कापून खाण्याची हकिगत ऐकून लंडन हसलं, म्हणून त्याला थापाड्या ठरवू नका. कच्चं मांस इथिओपियात आजही खातात. त्याची फसवी बढाई वेगळीच आहे. १७७० मध्ये नील नदीचा (खरं तर तिच्या ‘ब्लू नाईल’ या फाट्याचा) उगम पाहणारा पहिला युरोपीय आपण, असं तो सांगतो. स्पॅनिश धर्मप्रचारक पेद्रो पाएझ १६१८ मध्येच तिथे उभा राहिला होता. ब्रूसला हे ठाऊक होतं आणि पाएझला खोटं पाडायला त्याने बरीच शाई खर्ची घातली आहे. तीच पानं कंटाळवाणी म्हणून गाळली जातात. गाळू नका.