पैसे भरण्याआधी आयत्या टिका काढा

गणपतीसाठी दादरहून चिपळूणची बस ऑनलाइन काढताना शेवटी रक्कम भाड्यापेक्षा जास्त दिसते? विमा, देणगी, कसली तरी मेंबरशिप यांवर टिक आधीच केलेली असते. आपण काहीच केलं नाही की जे आपोआप लागू होतं, ते डिफॉल्ट. आणि घाईत आपण काहीच करत नाही, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

१. पैसे भरण्याआधी रकमेचा तपशील उघडा.
२. भाडं आणि कर सोडून न मागितलेली प्रत्येक टिक काढा.
३. यूपीआय अ‍ॅपमधली ऑटोपेची (आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांची) यादीही अधूनमधून बघा. फुकट महिन्यानंतरची वर्गणी तिथेच सापडते.

सरसकट सगळं मात्र काढू नका. रेल्वे ई-तिकिटाचा विमा रुपयाच्याही आत असतो, तो राहू द्या. न विचारता बिलात भर घालायला २०२३ पासून सरकारी मनाई आहे. टिक निघतच नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.