कापूर तुळस लावा फांदीपासून

कापूर तुळस मूळची पूर्व आफ्रिकेची. तिचं शास्त्रीय नाव ऑसिमम किलिमांडस्चारिकम, म्हणजे किलिमांजारोची तुळस. केनियातल्या काकामेगा जंगलाच्या कडेचे शेतकरी ती लावून तेल काढतात आणि त्याचं मलम बनवतात.

आधी झाड ओळखा. आपल्याकडे कापूर तुळस म्हणून भलतीच तुळसही विकली जाते. पानं करडी-हिरवी आणि लवदार हवीत, चुरगळली की कापराचा दर्प थेट नाकात चढायला हवा. नर्सरीतल्या पाटीपेक्षा नाकावर विश्वास ठेवा.

बी पेरू नका असं नाही, पण तुळशींमध्ये मधमाश्या परागांची सरमिसळ करतात. शिवाय या जातीतही काही झाडांत कापूर कमी असतो. वास हवा तर वासाच्या झाडाचीच फांदी घ्या.

मंजिरी न आलेली, चार-पाच इंचांची फांदी पेराच्या जरा खाली कापा. खालची पानं काढून दोन पेरं ओलसर वाळूत किंवा कोकोपीटमध्ये खोचा आणि सावलीत ठेवा. दोन-तीन आठवड्यांत मुळं फुटतात. मग मोठ्या कुंडीत किंवा जमिनीत, भरपूर उन्हात लावा. जमिनीत झुडूप दोन मीटरपर्यंत जातं, त्यामुळे ऐसपैस जागा सोडा. पाणी साचलं तर मुळं कुजतात. थंड देशात असाल तर कुंडीच बरी: हिम पडलं की झाड गेलं. तिथे ‘आफ्रिकन ब्लू बेसिल’ सहज मिळते. ती हिचीच संकरित लेक, १९८३ साली अमेरिकेत ओहायोत सापडलेली. तिला रुजणारं बी धरत नाही, म्हणून तीही फांदीपासूनच.

मंजिऱ्या यायला लागल्या की छाटा, पण खालचा जून भाग वीतभर राहू द्या. पाला सावलीतच वाळवा, उन्हात तेल उडून जातं. पूर्व आफ्रिकेत हा पाला साठवणीच्या धान्यात घालतात, आपण कडुनिंबाचा घालतो तसा. बियाण्यात तो थेट मिसळा. खायच्या धान्यात मात्र सुती पुरचुंडीत बांधून ठेवा, कारण कापूर पोटात जाणं वाईट. लहान मुलांना त्यानं झटके येऊ शकतात. म्हणून हिचा काढाही नको.

धान्य आधी खडखडीत वाळवा. टोके, म्हणजे धान्यातले किडे, शिरलेच असतील तर ते या पाल्यानं मरतील या भरवशावर राहू नका. चाळा, ऊन द्या, मग भरा. पुरचुंडीचा वास उतरला की पाला बदला.